पांढऱ्या फडक्यातली डिस्क

महालातल्या एका गल्लीत मला 'अस्थीवाली बाई' म्हणत. तिथली एखादी म्हातारी आजही कुठं भेटली तर त्याच नावानं ओळखते. माझं नाव कुंदा रामटेके. अस्थींशी माझ्या नोकरीचा काही संबंध नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी धरमपेठेतल्या एका खाजगी संगणक केंद्रात कामाला होते. गिरण्यांचे पगार, शाळांचे निकाल, कुणाची बिलं, अशी दुसऱ्यांची कामं आम्ही करून देत असू. ती सगळी माहिती ज्यांच्यावर साठवलेली असे, त्या डिस्का सांभाळणं हे माझं काम.

त्या डिस्कचं रूप आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जेवणाच्या ताटाएवढ्या तपकिरी तबकड्या, मधे थोडी फट ठेवून एकीवर एक बसवलेल्या. वर प्लॅस्टिकचं घुमटासारखं पारदर्शक झाकण आणि झाकणाला कडी. भरलेल्या कळशीसारखी ती कडीला धरून उचलायची. यंत्रात ठेवली की झाकण काढून घ्यायचं. मग ती भोवऱ्यासारखी फिरू लागे आणि वाचणारी टोकं तिच्यावर हवेच्या थरावर तरंगत. तो थर इतका पातळ, की केस तर सोडाच, विडीच्या धुराचा कण मधे आला तरी टोक खाली आपटायचं.

आपटलं की डिस्क ओरडायची. दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी पाटीवर खिळा ओढल्यासारखं काहीतरी, आणि मग बारीक, लांबत जाणारी किंचाळी. एका गिरणीचे टाइमकीपर एकदा यंत्र बघायला आले होते. भले गृहस्थ. आम्ही पाठमोरे असताना त्यांनी भक्तिभावानं डिस्कच्या यंत्राला उदबत्ती ओवाळली. थोड्या वेळानं ती किंचाळी उठली तेव्हा त्यांच्या हातातून नारळ गळून पडला. "कोण ओरडलं जी?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते जे बाहेर गेले, ते पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. त्यांच्या गिरणीचा तो पगार आम्ही हातानं केला.

तर असली ही नाजूक वस्तू. आमचे किनखेडे साहेब मालकही होते आणि मुख्य अभियंताही. शहरात एका कचेरीला आग लागल्यापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं, की प्रत्येक डिस्कची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असली पाहिजे. महालात एका सराफाच्या तळघरातली तिजोरीची खोली त्यांनी मिळवली. मुंबईहून यंत्र दुरुस्तीला येणारे लोक म्हणाले, ही वस्तू खोलीबाहेर न्यायचीच नसते. साहेब ऐकणारे नव्हते.

"वरातीत बत्त्या डोक्यावर घेऊन चालतात बायका. फुटतात का?" ते म्हणाले. "कुंदाताई, एक जुनी डिस्क घ्या आणि करून बघा. रोजच्या वापरात टिकते का, ते मला सांगा."

चाचणी साधी होती. एका जुन्या डिस्कवर मी एकच खूण काठोकाठ भरली. शून्य, एक, शून्य, एक, दुसरं काही नाही. ती रोज सायकलरिक्षानं महालात न्यायची, तिजोरीत ठेवायची, परत आणायची, खोलीच्या गारव्याला येईपर्यंत थांबायचं आणि मग यंत्रावर चढवून भरलेलं सगळं जसंच्या तसं आहे का, ते ताडून बघायचं. वेळ मीच निवडली. मे महिना, भर दुपार. सगळ्यात वाईट वेळेला टिकली तर केव्हाही टिकेल, हा माझा हिशेब.

नागपूरच्या मेमधली दुपार ज्यांनी पाहिली नाही, त्यांना मी काय सांगणार? रस्त्यावर माणूस नसतो. कुत्री नालीत पडून असतात. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, डांबर मऊ झालेलं, आणि सगळ्या शहरात फक्त कूलरची घरघर. आमच्याकडे म्हणतात, भर दुपारी एकट्यानं पिंपळाखालून जाऊ नये. रात्रीची भीती सगळ्यांना असते, दुपारची फक्त ज्यांना माहीत आहे त्यांना.

डिस्क तापू नये म्हणून मी ती आधी प्लॅस्टिकमध्ये आणि मग ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळायची. हादरे बसू नयेत म्हणून मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरायची. उन्हाळ्यात मी पांढरी सुती साडी नेसत असे, डोक्यावरून पांढरा दुपट्टा. रिक्षावाला बळीराम मुळातच अबोल, भंडाऱ्याकडचा. अशी आमची स्वारी धरमपेठेतून निघायची, सीताबर्डी, कॉटन मार्केट, शुक्रवारी तलाव करत महालात शिरायची.

एक दिवस तलावाजवळ बळीराम मागं न बघता म्हणाला, "बाई, लोकं हात जोडून राहिले."

"कोणाला?"

"तुमच्या मांडीवरच्याले."

मी पाहिलं. पानठेल्याच्या सावलीत बसलेला माणूस उठून उभा राहिला होता, टोपी काढून. पुढं एका बाईनं पदर डोक्यावर ओढून मान खाली घातली. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की आम्ही कशा दिसतो. पांढऱ्या साडीतली बाई, मांडीवर पांढऱ्या फडक्यातलं गोल भांडं, आणि गाडी हळूहळू चाललेली.

मी हसले. बळीराम हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी फडकं बदलायला निघाले, पण रंगीत कापडानं डिस्क जास्त तापली, म्हणून पुन्हा पांढरंच घेतलं. हात जोडणारे वाढले. महालातल्या त्या गल्लीत तर आमची गाडी आली की दारं लोटून घेत. रोज रोज कोण मरतंय आणि ही बाई कोणाकोणाच्या अस्थी नेते, अशी कुजबुज असल्याचं बळीरामनं मला सांगितलं. त्या गल्लीतून जाताना माझ्याही अंगावर काटा यायला लागला. माझ्या हातात शून्य आणि एक आहे, हे मला माहीत होतं. तरी आजूबाजूची माणसं एखाद्या गोष्टीला मृत्यू समजून वागायला लागली, की ती हातात जड होत जाते.

त्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई दारात बसून विणकरांसाठी कांड्या भरत असे. तिच्या चरख्याची घर्रघर्र लांबून ऐकू यायची. आम्ही जवळ आलो की चरखा थांबायचा. ती हात जोडत नसे, मान खाली घालत नसे. फक्त फडक्याकडे बघायची. आम्ही वळलो की चरखा पुन्हा सुरू. तिचं नाव पार्बताबाई, हे बळीरामकडून कळलं. नवरा कधीचाच वारलेला. एकुलता एक मुलगा मधुकर छत्तीसगडकडे कुठल्याशा बांधकामावर गेला होता. तिथं भिंत कोसळली आणि बरीच माणसं खाली गेली, एवढा निरोप आला. मढं आलं नाही, राख आली नाही. किती वर्षं झाली, ती दोन वेळा चूल पेटवायची आणि एकाच वेळेला जेवायची, दुसऱ्या वेळचं त्याच्यासाठी झाकून ठेवायची, असं गल्लीतले सांगत.

एका दुपारी ती रिक्षासमोर येऊन उभी राहिली. बळीरामनं करकचून ब्रेक दाबला.

"काहून फिरवून राहिली वं त्याले?" ती मला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, कोणी भाजीचा भाव विचारावा तसा होता. "रोज माह्या दारापर्यंत आणतं आन् परत नेतं. दे ना आता."

"मावशी, या अस्थी नव्हेत. मशीनचं सामान आहे."

"मशीनचं सामान कोणी मांडीवर घेऊन जाते का?"

मी रिक्षातून उतरले. फडक्याची गाठ सोडली, प्लॅस्टिक बाजूला केलं, तिला तबकड्या दाखवल्या. तिनं वाकून झाकणातून आत पाहिलं, बराच वेळ. तपकिरी, गुळगुळीत, वर्तुळात वर्तुळ.

"यात काय हाय?"

"आकडे."

"माणसाचे?"

आता काय सांगावं! आमच्या बाकीच्या डिस्कांवर माणसंच होती. गिरणीतली, शाळेतली, हजेरीतली. पण या डिस्कवर नव्हती. "नाही मावशी, नुसते आकडे," मी म्हटलं. तिनं मान डोलावली, पण ती मला समजावल्यासारखी. लहान मूल खोटं बोललं तर मोठी माणसं डोलावतात तशी. मग तिनं झाकणावर तळहात ठेवला. "गार हाय," ती म्हणाली, आणि दारात जाऊन चरख्यावर बसली.

मी साहेबांना सांगितलं, रस्ता बदलूया. ते म्हणाले, रस्ता बदलला तर चाचणी बदलली. त्यांचंही चुकत नव्हतं. डिस्क रोज सगळ्या हादऱ्यांतून, सगळ्या उन्हातून येऊन यंत्रावर एकही चूक न करता वाचली जात होती. मुंबईचे लोक खोटे पडत होते आणि मला मनातून फार अभिमान वाटत होता.

शेवटच्या काही खेपा उरल्या होत्या. त्या दिवशी लू फारच होती. सकाळपासून माझं डोकं जड होतं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षाची चेन उतरली. बळीराम गाडी कडुनिंबाखाली ओढत म्हणाला, "बाई, सावलीत बसा जरा." मी डिस्क घेऊन उतरले, दोन पावलं टाकली, आणि समोरची भिंत पाण्यासारखी हलायला लागली. पार्बताबाईचा चरखा थांबल्याचं ऐकू आलं. पुढचं आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा मी तिच्या ओसरीवर होते. तळपायांना कांद्याचा वास, ओठांवर कैरीच्या पन्ह्याची चव. डोक्याखाली सुताची गासडी. घर गार होतं आणि अगदी शांत. मी हातानं चाचपलं. फडकं नव्हतं. डिस्क नव्हती.

"बळीराम!"

तो चेनच्या तेलानं काळे झालेले हात घेऊन धावत आला. "बुढी म्हणे, बाई झोपली हाय, सामान अंदर ठेवतो. मले वाटलं..."

आत काहीच नव्हतं. मागचं दार उघडं होतं. आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता समजलो.

तो मला रिक्षात घालून तलावाकडे पळाला. शुक्रवारी तलाव उन्हाळ्यात आटून हिरवा होतो. काठावर चिटपाखरू नव्हतं. पायऱ्यांवर तिच्या चपला होत्या, नीट, एकमेकींना लागून. ती पाण्यात कमरेपर्यंत उभी होती. पांढरं फडकं तिच्याभोवती उलगडून तरंगत होतं आणि थोड्या पलीकडं पाण्यातून बुडबुडे वर येत होते. एकामागून एक, सावकाश, कोणीतरी खाली श्वास सोडत असल्यासारखे.

मी हाक मारली नाही. बळीरामनं रिक्षाच्या दांड्याला धरून हात जोडले.

बुडबुडे थांबेपर्यंत ती हलली नाही. मग वळली, पायऱ्या चढून आली, पदर पिळला.

"लई दिवस थांबला बिचारा," ती मला म्हणाली. "तुले ऊन लागलं नसतं तं तू आजही दिला नसता. चाल, घरी चाल. मले भूक लागली."

मी तिच्याबरोबर गेले. तिनं भाकरी थापली, मला दिली, स्वतः घेतली. मी कोरडा घास चावत तिच्याकडं पाहत राहिले.

बळीराम म्हणाला होता, तळ उथळ आहे, धीवराला सांगून काढून आणू. मी नको म्हटलं. भिजलेली डिस्क यंत्रावर चढवायची नसते, हे एक कारण. दुसरं कारण ज्यानं ती चूल पाहिली असेल त्यालाच कळेल.

किनखेडे साहेब मात्र भडकले. चोरीची फिर्याद देतो म्हणाले, फोनच उचलला त्यांनी. मी म्हटलं, "साहेब, साक्षीला मलाच बोलावतील. मी सांगेन की मीच तिच्या हातात दिली. मग फिर्याद माझ्यावर होईल." त्यांनी फोन खाली ठेवला. मग विचारलं, "शेवटच्या दिवसापर्यंत वाचत होती?"

"एक अक्षर विसरली नव्हती."

"मग टिकते असं समजू," ते म्हणाले. त्यानंतर आमच्या दुसऱ्या प्रती महालात मोटारीनं जाऊ लागल्या, काळ्या पेटीतून. माणसांनी हात जोडणं बंद झालं. पार्बताबाईनं मधुकरची तेरवी केली, सगळी गल्ली जेवली. बळीराम जेवून आला. ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीही नसती.

थंडीचे दिवस आले होते. आमचा चौकीदार आत येऊन म्हणाला, "ताई, बाहेर एक जण हाय. अस्थीवाली बाई इथंच बसते का म्हणते."

फाटकापाशी एक वाळलेला, उन्हानं रापलेला तरुण उभा होता. गालावर भाजल्याची खूण. मला बघून त्यानं नमस्कार केला, पण जवळ आला नाही.

"मी मधुकर," तो म्हणाला. "पार्बताबाईचा. आई म्हणते, तुम्ही माह्या अस्थी आणल्या आन् तिनं तलावात शिरवल्या."

मी फाटकाचं लोखंड धरलं. ते थंड होतं, एवढं आठवतं.

भिंत पडली त्याच्या दोनच दिवस आधी ठेकेदाराशी भांडून तो तिथून निघाला होता. पुढं आसामकडे गेला. निरोप पाठवला तो पोचला नाही. "मग आज जातो, उद्या जातो करत राहिलो, बाई. रिकाम्या हातानं काय तोंड दाखवू? असं वाटत गेलं. आता आलो तं आई दार उघडून नाही राहिली. शेजारचे मले पाहून पोरं आत घेऊन राहिले. तुम्ही सांगा तिले, त्या डब्यात काय होतं."

मी त्याच्याबरोबर महालात गेले. दुपारच होती. गल्लीतली दारं लोटलेली होती आणि फटींतून डोळे दिसत होते. आधी माझ्यासाठी लोटत, आता त्याच्यासाठी. पार्बताबाई दारात चरख्यावर होती. आम्हाला बघून तिनं चाक थांबवलं नाही.

"मावशी, मधुकर आला आहे."

"मधुकरले तं मी पाण्यात दिला."

"त्यात मधुकर नव्हता. तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, नुसते आकडे होते. शून्य आणि एक. दुसरं काहीच नव्हतं हो त्यात."

चाक थांबलं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं वर पाहिलं.

"मंग मी कोणाले शिरवलं?"



"आई," मधुकर म्हणाला. तो रडत होता. "हात लावून पाह्य ना मले."

ती उठली. त्याच्याजवळ आली, पण चेहऱ्याकडं बघेना. तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या. पावलं पुढंच होती, उलटी नव्हती. मग त्याच्या सावलीकडं पाहिलं. मग तळहात त्याच्या छातीवर ठेवला, अगदी तसाच जसा झाकणावर ठेवला होता, आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"गरम हाय," ती म्हणाली. आणि बाजूला सरून, परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "या पाहुणे. हातपाय धुवा."

तो आत गेला.

त्यानंतर तो तिथंच राहिला. हातमागावर बसू लागला, घर त्यानं शाकारलं. पण ती त्याला पाहुणाच म्हणत राहिली. "पाहुण्यांनो, जेवायले वाढलं." "पाहुणे, येताना रॉकेल आणा." गल्लीतले म्हणायचे, बुढीचं डोकं फिरलं. काही जण हळूच म्हणायचे, तो तो नाहीच. मधुकर मला एकदा म्हणाला, "रोज तिच्या हातचं खातो बाई, पण माझं नाव माझ्या घरात कोणी घेत नाही. कधी कधी मलेच वाटते, मी हाय का नाही."

ते ऐकून मला राहवलं नाही. एका रविवारी तो बाहेर गेलेला असताना मी तिच्याकडे गेले. आता ती थकली होती, चरखा भिंतीला लावून ठेवला होता. मी तिच्याजवळ बसून म्हटलं, "मावशी, किती दिवस पाहुणा म्हणाल त्याला? तुम्हाला खरंच ओळखू येत नाही का?"

तिनं उठून दाराची कडी लावली. खिडकी लोटली. परत येऊन माझ्या कानाशी तोंड नेलं, जणू त्या रिकाम्या खोलीत कोणी ऐकत होतं.

"मले पहिल्या दिवशीच समजलं वं, तो कोण हाय," ती म्हणाली. "नऊ महिने पोटात वागवला त्याले, मले नाही समजणार? पण तेरवी झाली त्याची. वर त्याचं नाव खोडलं हाय. मी पोरा म्हणून हाक मारली आन् तिकडं कोणाच्या ध्यानात आलं, का अरे हा तं खाली राहून राहिला, मंग? पाहुण्याले कोणी न्यायले येत नाही, बाई. पाहुणा राहते."

बाहेर सायकल थांबल्याचा आवाज आला. ती उठली, कडी काढली आणि मोठ्यानं म्हणाली, "या पाहुणे, लई उशीर केला."